टर्कीच्या शेपट्यांवर बंदी

२० ऑगस्ट २००७
बंदी! साऱ्या सामोआत, टर्की पक्ष्याच्या शेपट्यांवर! दुकानदार लेउपोलू म्हणतो, "मंत्र्यांना विचारा, काका. मी तरी काय करू?" चरबी फार, लोक आजारी पडतात — हे सरकारचं म्हणणं. मग सिगारेट? बिअर? तो साखरेचा लाल सोडा? तिथे कंपन्या मोठ्या, हात लावायची छाती नाही. गरिबाच्या हंडीत मात्र लगेच पळी घालतात!

२१ ऑगस्ट
जिवाला घोर लागलाय. फुआतिनो शेपट्यांशिवाय धड जेवत नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि माझ्या बायकोच्या तोंडचा घास सरकार काढणार? त्यात तिच्या पायाची जखम भरत नाही. नर्स मालिया बोट कापायची भाषा करते. साखर वाढली म्हणे! हिला जिथेतिथे साखरच दिसते.

२६ ऑगस्ट
चर्चनंतरचं जेवण. अळकुड्या, नारळाच्या दुधातली पानं, मासा. फुआतिनो ताटाकडे बघून म्हणाली, "कोण मेलंय?" सगळे हसले. मी नाही.

५ सप्टेंबर
मालियाशी भांडलो. म्हणाली, "आजोबा, ज्यांची टर्की ते शेपटी खात नाहीत. कापून बाजूला टाकतात, तीच खोक्यात भरून सामोआला धाडतात." ठाऊक आहे मला! चार यत्ता शिकलो, पण खुळा नाही. तोंड माझं, पैसे माझे. काय गिळायचं ते मी ठरवीन!

२० ऑक्टोबर
मासा. परत मासा.

१० डिसेंबर
जखम सुकली! बोट वाचलं. मालिया म्हणते, "आता सरकारला शिव्या द्या बघू!" कसलं सरकार! पाला मी बांधत होतो, त्याचा गुण. ठणकावून सांगितलं तिला. पण घरी येईपर्यंत तिचं तेच बोलणं डोक्यात.

१४ ऑगस्ट २०१३
बंदी उठली! साऱ्या जगाच्या व्यापाराचं म्हणे एक मंडळ आहे. त्यात शिरायचं तर शेपट्या येऊ द्या, अशी अट! घालताना आम्हाला विचारलं नाही, उठवतानाही नाही. ह्यांच्या सौद्यात आमची तोंडं! फुआतिनो मात्र पोरीसारखी खुशीत. "म्हाताऱ्या, तुझंच खरं झालं की! शनिवारी दोन किलो आण."

१७ ऑगस्ट
दुकानात ढीग लागलाय. फुआतिनो वाटेपर्यंत चालत आली होती. "आणल्यास?"
संपल्या, म्हटलं.