पाच ठिपके

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥
वरकुटे, ता. ४ मार्च १९९६

चि. संजीवनीस अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून देवापुढे दिवा लावला. तू धुणं घेऊन विहिरीवर गेली होतीस, आई गोठ्यात होती. पाळण्यात मोनाली कळवळून रडायला लागली, म्हणून मांडीवर घेतली. तू येईपर्यंत ती निजलीसुद्धा. दुपारच्या एस.टी.ने तुम्ही गेलात, आणि आज तुझं कार्ड आलं, की तिच्या पोटावर फोड आलेत, बारामतीच्या दवाखान्यात ठेवलंय. भाकरी ताटातच राहिली.

आईने पोटदुखीवर बिब्बा तापवून तर घातला नाही ना, असं तू विचारलंस. मी तिला देवापुढे उभं करून विचारलं. तिने नाही म्हणून सांगितलं, वर मलाच ऐकवलं, की ह्या वयात माझी परीक्षा घेताय व्हय! तिच्यावर विश्वास ठेव. जावईबापू माऊलीरावांना नमस्कार.

लेकीची माया आहे तशीच राहू दे.
तुझा आप्पा

बारामती, ता. ६ मार्च १९९६

ती. आप्पांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र काल सकाळीच मिळालं. मोनाली दूध पिते, सिस्टरच्या घड्याळाला झोंबते. पण आप्पा, इथले डॉक्टर म्हणतात हे बिडीचे चटके आहेत. यांच्या खिशात बंडल दिसलं, तेवढं पुरलं. पोलिसांना कळवलंय. यांना वॉर्डात येऊ देत नाहीत. पोर खिडकीतून बापाकडे हात पसरते. गुन्हा नोंदवून तिला बालगृहात पाठवायचं बोलणं चाललंय.

मी लेखी अर्ज दिला, की आम्ही आई-बाप आहोत, आमच्यावर ठपका ठेवण्याआधी लेकरू आणि त्याचे कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा हक्क आम्हाला मिळावा. कारकून म्हणाला, ज्यांच्यावर संशय त्यांनी कसला अर्ज करायचा! मी तिथेच बसून राहिले. शेवटी घेतला. पुण्याचे कातडीचे डॉक्टर मंगळवारी येतात, त्यांनी काल बघितलं. त्यांना चटके वाटत नाहीत, बिब्बा वाटतो. मीच सांगितलं, की आईने देवापुढे नाही म्हटलंय. त्यांनी पेन खिशात ठेवलं. पुढच्या मंगळवारी शेरा लिहितो म्हणाले.

यांनी बिडी सोडली. म्हणतात, आता डॉक्टरवरून ओवाळून टाकायलासुद्धा एक शिल्लक न्हाय. हसतात, पण जेवत नाहीत.

तुमच्या आशीर्वादावरच उभी आहे.
तुमची संजीवनी

बारामती, ता. १२ मार्च १९९६

रा. रा. माऊलीराव यांस, सोपानचा नमस्कार विनंती विशेष.

जावयासमोर तोंडाने बोलायचं धाडस नाही, म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो. सिस्टर हे तुमच्या हाती देतील.

बिब्बा मी घातला. सुईला टोचून दिव्यावर तापवला आणि पोरीच्या बेंबीभोवती पाच ठिपके दिले. माझ्या आज्याने मला आणि मी संजीवनीला असेच दिले होते. हिला घालायचा नाही, असं संजीवनीने बारशालाच बजावलं होतं, म्हणून लपवलं. तिने आईबद्दल विचारलं, मी आईपुरतंच उत्तर दिलं. एक अक्षर खोटं लिहिलं नाही, तरी फसवलं. देवापुढे हात जोडले की तुम्ही खिडकीबाहेर उभे दिसायचात. दोनदा स्टँडपर्यंत येऊन परत फिरलो.

आज पहिल्या गाडीने आलो. रुमालात सुई आणि उरलेला बिब्बा होता. पुण्याच्या डॉक्टरांनी पाचही ठिपके पडताळून पाहिले. लेकराच्या कातडीला हे विष आहे म्हणून खडसावलं, मी मान खाली घालून ऐकलं. संजीवनी अर्ज घेऊन अडून बसली नसती, तर आज माझं कुणी ऐकलंही नसतं, असं ते म्हणाले. हे चटके नाहीत, असा शेरा त्यांनी कागदावर लिहिलाय. संध्याकाळी पोर तुमच्या कडेवर असेल.

राग ओसरेल तेव्हा तिला घेऊन या. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

फौजदारांपुढे मी माझ्या हाताने जबाब लिहिला, सही केली आणि तो बिब्बा रुमालासकट त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

आपला,
सोपान