वास नसलेली टाकी

ग्म्युंड, शुक्रवार

प्रिय ओटमार,

मी बरी आहे. खोली उबदार आहे. संध्याकाळी वाचनालयात रसायनांवरची पुस्तकं वाचते, अर्धं तरी कळतं. तुझ्या बायकोची, उलरिकेची, गुडघेदुखी कशी आहे?

इथल्या प्रशिक्षणात धातूला मुलामा द्यायची नवी टाकी वापरायला शिकले. तिला वासच नाही. मी वाकून हुंगलं, तर मास्तर हसले, "बाई, ते सूप नाही!" ही निघाली कधी, विचारलं. म्हणाले, "वीस वर्षं झाली. गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय कोण घेतो?"

तेव्हा माझा नवरा हार्टविग जिवंत होता आणि आमच्या कारखान्यात रोज जुन्या टाकीची विषारी वाफ छातीत घेत होता.

आता माझं गिऱ्हाईक असलेल्या मोटार कारखान्यानं मागितलं आहे, विषारी काही वापरू नका म्हणून. माझ्याकडून, आणि मला माल देणाऱ्यांकडूनही, म्हणजे तुझ्याकडून. दारांच्या मुठी तू ज्या द्रावणात धुतोस ते बंद झालं नाही, तर मला तुझं काम थांबवावं लागेल. नाहीतर ते माझं थांबवतील. तू म्हणशील, "ताई, ते तुला दाबतात, तू मला दाबतेस." खरं आहे. मला कुठेच सरकायला जागा नाही.

पण परवा फोनवर तू खोकत होतास. तो खोकला मी ओळखते. कारखान्याचं राहू दे, ओटमार. मी मागते आहे. ते द्रावण बंद कर.

तुझी थोरली बहीण,
इर्मट्राउट