शांतता आहे

क्विन्तिलिस महिना, मध्याच्या इदसला सहा दिवस

वसंतापासून एक ओळ नाही. या मेणपाटीची माफीच मागायला हवी. सबब एकच — लिहावं असं काही घडलं नाही. आज घडलं.

व्हिबेनियस आला होता, बायकोचा भाऊ. परवा कॉन्सलची, रोमच्या सर्वोच्च पदाची, निवडणूक. याचा वैरी तुर्पिलियस निवडून येणार हे उघड आहे, म्हणून याला मतदान एक दिवस पुढे ढकलून हवंय. शकुन पाहणारा मी. पहाटे गडगडाट ऐकला, एवढं मी म्हटलं की मतदानाची सभा त्या दिवसापुरती मोडते. पुरावा कोणी मागत नाही.

एका दिवसाने काय होणार, विचारलं. जैतुनाची बी थुंकत म्हणाला, "कापुआहून माझी माणसं पोचतील. मतदानाच्या गर्दीत कोणाचा सुरा कोणाला लागला, कळत नाही."

मी नाही म्हटलं. खोटा शकुन सांगणार नाही.

"भावोजी, अथेन्सला शिकायला गेला होतात की अक्कल गहाण टाकायला?" हसत गेला.

इदसला पाच दिवस

तुर्पिलियसला सावध करावं, तर मेहुण्याची मान जाते. व्हिबेनियाला सगळं सांगितलं. "अहो, भाऊ आहे तो माझा," एवढंच म्हणाली. मग दिवा मालवताना — "पण तुम्ही खोटं बोलू नका."

नाही बोलणार. तेवढ्याने भागेल ना?

इदसला चार दिवस

पहाटे मतदानाच्या मैदानावर, शकुन पाहायच्या तंबूत बसलो होतो. वारा नव्हता. आणि डोंगरांकडे गडगडलं — खरंच! लांब, पण स्वच्छ.

सभा चालवणारे यंदाचे कॉन्सल कानाने मंद. अशुभ शकुन नाही ना, हे त्यांनी नेहमीच्या शब्दांत विचारलं, "शांतता आहे का?"

खरं सांगावं, तर सभा उद्यावर जाते आणि उद्या एक माणूस मरतो.

"शांतता आहे," मी म्हटलं.

दुपारी तुर्पिलियस निवडून आला. कापुआची माणसं वाटेतूनच परतली म्हणे. देवाशी खोटं बोललो, आणि तरी जेवण गोड लागलं. हे बरं की वाईट, कळत नाही.

इदसला तीन दिवस

तुर्पिलियस स्वतः आला, अंजिरांची टोपली घेऊन. मला वाटलं, नवस फेडायला निघालाय. त्याने दार लोटून घेतलं.

"कालचा गडगडाट मीही ऐकला," म्हणाला. "तुम्ही गिळलात, छान केलंत. वर्षभर असं बरंच गिळावं लागेल. आपला माणूस त्या तंबूत असलेला बरा."

अंजिरं तशीच पडून आहेत.

उद्या — सिनेटमध्ये उभं राहून सांगायचं: गडगडलं होतं, निवड रद्द करा. आणि कापुआच्या माणसांचंही, मग मेहुण्याचं काहीही होवो.