लिंबाळीसाठी राखलेला बेल

आषाढ व. ९, शुक्रवार. यवत.
महादेवाच्या देवळातील बेलाच्या खालच्या फांद्या निष्पर्ण. पानापानांवर हिरव्या अळ्या. श्रावण तोंडावर, आणि देवळास बेल पुरविण्याची सेवा माझी. विश्वस्त आप्पा म्हणाले, "गुरुजी, पंप आणतो. एका फवाऱ्यात साफ!"
नात मुक्ता फुलपाखरांची अभ्यासक. पुण्याहून आली आहे. तिने काडी लावताच अळीने मस्तकातून नारिंगी शिंग काढले. "आजोबा, ही पॅपिलिओ प्रजाती. हिच्यातल्या काही जाती हिमालयात, काही सह्याद्रीत, काही अंदमानात. आपल्या राज्याचं फुलपाखरू, नीलवंत, तेसुद्धा हिच्यातलंच."

व. १०, शनिवार.
"आपल्या बेलावर राज्याचे फुलपाखरू जन्मास येणार," असे मी पारावर सांगून बसलो. मुक्ताने चारचौघांत खोडले. "नीलवंत दाट रानातला, आजोबा. ही लिंबाळी. लिंबू, बेल असेल तिथं राहते."
आप्पा खूश. "म्हंजी राजा न्हाई, रयत हाय म्हणा!"
मी त्यांच्याच बोलीत म्हणालो, "रयत हाय म्हणून तर गावात राहती, आप्पा. राजा कवा आला यवतला?"
पार हसला, आप्पाही. त्यांनी आणलेला पंप मात्र देवळाच्या ओसरीवर तयारच. शास्त्रार्थात आजोबाचीही भीड न धरणारी नात! ऊर भरून आला.

व. ११, रविवार.
विश्वस्तांपुढे शास्त्र मांडले. वाहिलेला बेल शिळा होत नाही. धुऊन पुन्हा वाहता येतो. विषाचा मात्र देवास चालणार नाही. रोजच्या पूजेतला राखून ठेवू.
आप्पांच्या सौ. शांताकाकू म्हणाल्या, "माझा लेकासाठी नवस हाय, गुरुजी. दुसऱ्यानं वाहिलेलं पान मी कसं वाहू?"
शास्त्र सांगून झाले होते. त्यांचे समाधान मात्र झाले नव्हते.
ठरले: पहिल्या सोमवारपर्यंत फवारणी नाही.

श्रावण शु. ४, सोमवार.
शेंड्याचा थोडा ताजा बेल पहाटेच संपला. मग धुतलेला, पितळी परातीत. बहुतेकांनी निःशंक वाहिला. झाडावर आता कोश लटकलेले.
आप्पा म्हणाले, "आज निभलं. लोकांनी नाक मुरडलं, तर पंप हाय. तुमची नात कुठं हाय?"
"अंदमानात. ह्याच प्रजातीच्या शोधात." आवाज अंमळ चढला असावा, सभामंडपातील माना वळल्या. वळू देत.
शांताकाकूंनी परातीतले एक पान उचलले, उलटसुलट पाहिले. ते तळहातावर घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मी निघालो तेव्हा आत गेल्या नव्हत्या. माघारीही फिरल्या नव्हत्या.