भावजींची फाइल

चिमे, तुला पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (खरं सांग. फोनवर तू "बरा" म्हणतेस आणि मागून तुझी सून "कुठला बरा!" म्हणते, ते मला ऐकू येतं.) ऑपरेशनला मी येतेच. तू बजावलंस, "ताई, एकटीच ये, भावजी नकोत, त्यांना रोज नवं गाऱ्हाणं," म्हणून ह्यांना मागे ठेवायची काय तजवीज केली ते ऐक.

आमची नात जेवणाच्या टेबलावरच ऑफिस मांडते. परवा तिच्या पडद्यावर डॉलरची खूण दिसली, म्हणून मी चष्मा लावला. (पगारवाढ झाली असेल तर घरात कळायला नको?) तर म्हणे, "आजी, हा पासवर्ड." म्हटलं, असा उघड्यावर? "अगं, फाइल दहा जणांकडे जाते, म्हणून तिच्यात डॉलरची खूण करून नुसतं नाव लिहायचं. खरा पासवर्ड ज्या त्या कॉम्प्युटरने आपल्या घरातून घ्यायचा." ह्याला एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. (म्हणून बघ. माझी कवळी दोनदा निसटली.) मला इतकी मौज वाटली! आपण नाही का सांगत, मोठ्या पातेल्यात पाणी तापव. पातेलं मात्र ज्याच्या त्याच्या घरचं.

लगेच ह्यांची फाइल केली. "$भाजी गरम करा. $किल्ली घेऊन फिरायला जा." भाजी रोज बदलते, किल्लीची जागाही (मीच बदलते), म्हणून कुठली भाजी आणि कुठे किल्ली, ती चिठ्ठी वेगळी, फ्रिजच्या दाराला. कागद एकदाच लिहायचा, रोज चिठ्ठी तेवढी बदलायची. नात म्हणाली, "आजी, तू नोकरीच धर!" मी अशी फुगले की विचारू नकोस, आणि नात बाहेर पडल्यावर तालीम म्हणून शेजारणीकडे जाऊन बसले.

ह्यांनी नेमका फ्रिज पुसायला घेतला (लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!) आणि चिठ्ठी गेली कचऱ्यात. मी परतले तर हे जिन्यात बसलेले, दाराला कुलूप, आतून करपल्याचा वास. भाजी कुठली ते सापडेना, म्हणून रिकामं पातेलं गरम करत ठेवलं. किल्ली सापडेना, म्हणून रिकाम्या हाताने फिरायला. दार ओढलं की कुलूप लागतंच. वर मलाच म्हणतात, "तुझ्या कागदाबरहुकूम वागलो!" नातीला विचारलं, तुमच्यात असं होतं का गं? म्हणाली, शहाणा प्रोग्रॅम असेल तर काही सापडलं नाही की ओरडून थांबतो. काही मात्र रिकामी जागा धरून गुमान पुढे जातात, त्यांचीच भीती.

आता चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे. तू निर्धास्त राहा, मी एकटीच येते.

तुझी ताई

ता. क. नात म्हणते, काही प्रोग्रॅम एकाच मशीनवर चालतात, दुसरीकडे हूं की चूं करत नाहीत. मग काय करता, विचारलं. "मशीन जाईल तिथे त्यांना न्यायचं."

आणखी ता. क. ह्यांचं मशीन मी. तेव्हा गाद्या दोन घाल. भावजींना उशी उंच लागते. उंच म्हणजे कुठली, ते तुझ्या घरात बघ.