ओतकामाला आलेले दोन चेहरे

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दोन डोकी आली! म्हणजे फोटो आले. माहनूरने सकाळी सकाळी टेबलावर पाकीट आपटलं — 'वैभवी, अमेरिका! फुटबॉल!' वर्कशॉपच्या ऑर्डरी तीच बघते. कराचीच्या घरातली, पण जन्म इथलाच, शारजाचा. आनंद झाला की हिंदी, इंग्रजी, अरबी सगळं एकाच वाक्यात.

लेकपोर्ट फोर्जर्स नावाची टीम आहे. स्टेडियममध्ये मानाची भिंत बांधतायत. त्यांच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंची डोकी, ब्राँझमध्ये. मी मातीत घडवायची, खैरुद्दीनभाईंनी ओतायची. घरच्या माणसांची सही झाल्याशिवाय मात्र ओतायचं नाही. टीमचा नियम.

एक वेंडल हॉस्किन. वारून बरीच वर्षं झाली. त्याच्या नंबरची जर्सी टीम आता कुणालाच देत नाही — एवढा मान! दुसरा कॅल्विन टार्व्हर. हा जिवंत आहे. टीव्हीवर मॅचबद्दल बोलतो.

जेवताना सांगितलं तर अस्मी म्हणते, 'आई, दॅट्स नॉट इव्हन फुटबॉल. दे जस्ट क्रॅश इंटू ईच अदर.' व्हिडिओ लावून दाखवला. खरंच की! डोक्यावर डोकं. जोरात दार आपटल्यासारखा आवाज. सुजीत बापाच्या आवाजात म्हणाला, 'बंद कर गं, जेवू दे.'

गुरुवार, ९ ऑक्टोबर

हॉस्किन सुरू. मान डोक्याएवढीच रुंद! फोटो बहुतेक हेल्मेटमधले. उरलेले कप हातात घेऊन हसतानाचे. माणूस म्हणून एकही नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चेहरा आला. पण काहीतरी वेगळंच आलं.

नाक बरोबर, जबडा बरोबर. डोळे मात्र — कसं लिहू? बघतायत, पण कशाकडे ते त्यांनाच माहीत नाही. तोंड किंचित उघडं. आता काहीतरी विचारणार, आणि विचारायची लाज वाटतेय, असं.

खैरुद्दीनभाई चहा घेऊन आले. मुरादाबादचे. पितळ-ब्राँझ ओतण्यात हयात गेली. वाकून बघितलं. मग म्हणाले, 'बेटी, ये आदमी अपने ही घर में रास्ता ढूँढ रहा है.'

मी काही तसं करायला गेले नव्हते! पापण्या उचलल्या, ओठ मिटवले. आता ठीक दिसतोय. उगीच अंगावर काटा आला होता.

बुधवार, १५ ऑक्टोबर

सकाळी मातीवरचा ओला कपडा काढला. परत तसाच.

माहनूर म्हणाली एसी बंद राहिला असेल, माती ढिली पडते. पडते, मान्य. पण गाल ओघळतील, कान ओघळतील. फक्त डोळेच कसे?

की कपडा टाकायच्या आधी मीच परत हात फिरवला? आठवत नाही. हात चालू असले की माझं डोकं जागेवर नसतं, हे खरं.

येताना गाडीत सुजीतला सांगितलं. त्याचं ऑफिसही इथेच हमरियात, वर्कशॉपजवळ, मला सोडतो, नेतो. हसायला लागला. 'तू केलेला मंडळाचा गणपतीसुद्धा काळजीत दिसत होता. लोक म्हणाले, बाप्पाला व्हिसाचं टेन्शन आहे.' मीही हसले. बरं वाटलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या तळत होते. अस्मी दारात उभी राहून एकदम म्हणाली, 'आई, स्टॉप इट. व्हाय आर यू लुकिंग ॲट मी लाइक दॅट? लाइक यू डोन्ट नो हू आय ॲम.'

मी नुसती तिच्याकडे बघत होते. चेहरा घडवताना आपणही तसं तोंड करतो, आर्ट स्कूलमध्ये सगळेच करायचे. पण आज हातात माती नव्हती, झारा होता.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज हॉस्किनची बायको व्हिडिओवर आली. संध्याकाळ आमची, सकाळ त्यांची. म्हाताऱ्या आहेत, पांढरे केस, जांभळा स्वेटर. शेजारच्या चौकटीत टीमचा एक माणूस. मी कपडा काढला.

टीमवाला लगेच म्हणाला, 'छान. पण थोडी आग हवी. ही वॉज अ वॉरियर.'

चेहरा स्क्रीनजवळ आणून बाई तशाच थांबल्या. मला वाटलं कॉल अडकला. मग अगदी हळू — 'तुला हा फोटो कुणी दिला?'

म्हटलं, कुठला फोटो?

'शेवटच्या वर्षांतला. मी कुणाला काढू दिला नव्हता. एकालाही नाही. घरात माणूसही येऊ द्यायचे नाही.'

मी सगळे फोटो कॅमेऱ्यासमोर धरून दाखवले. सगळे तरुणपणचे. बाई एकेक बघत होत्या, मान हलवत होत्या. मग सांगितलं. स्वयंपाकघर कुठे आहे ते हॉस्किनना सापडायचं नाही. पॅसेजमध्ये उभे राहायचे. विचारायचीही लाज. 'इतकी वर्षं डोक्यावर मार खाल्ला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे टाळ्यांनंतरचं तोंड आहे. फक्त मला माहीत होतं.'

टीमवाला म्हणाला, मॅडम, बदलून घेऊ. बाई म्हणाल्या, 'बदललंत तर मी सही करणार नाही. हा माझा नवरा आहे.'

कॉल संपला. माहनूर रडत होती. खैरुद्दीनभाई मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. इंग्रजी फारसं येत नाही त्यांना. 'क्या बोली?' मी सांगितलं. कानाला हात लावून निघून गेले.

मला कसं माहीत? मला कुठून माहीत!

सोमवार, ३ नोव्हेंबर

हॉस्किन ओतायला गेला. आजपासून टार्व्हर. हा हसराच करायचा, दात दाखवून. ठरवूनच सुरुवात केलीय. त्याचा टीव्हीवरचा व्हिडिओ समोर चालूच ठेवते. काय हसतो माणूस! सगळा स्टुडिओ हलवतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दात हसतायत. वर तेच डोळे.

मोडला. सगळा खरवडून काढला, आतल्या सळईपर्यंत.

सोमवार, १० नोव्हेंबर

परत तेच. या वेळी जागी होते. हात कुठे जातोय ते बघत होते. तरी आलं.

खैरुद्दीनभाई म्हणाले, 'कपड़ा डाल दो इस पर. मरे हुए का समझ में आता है. ये तो ज़िंदा है.'

मी माहनूरला बाजूला घेऊन बोलले. ती घाबरली, मग चिडली. 'वैभवी, जिवंत माणसाबद्दल असं नको बोलूस. क्लायंट आहे. हसरा बनव, सही घे, खलास.'

बुधवार, १२ नोव्हेंबर

टार्व्हर दुबईत येतोय! मुलांच्या कुठल्याशा कॅम्पसाठी. अर्धा दिवस आमच्याकडे बसणार, समोर बघून काम करता येईल. सुटले. खऱ्या चेहऱ्यासमोर हाताची मनमानी चालणार नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

आला. दारातून वाकून आत आला, एवढा उंच. सगळ्यांशी हात मिळवले. खैरुद्दीनभाईंना 'चीफ' म्हणाला, भाई लाजले. खुर्चीवर बसल्या बसल्या विनोद — 'येताना उंट बघितला. ड्रायव्हरला विचारलं, याला पार्किंग फ्री आहे का?' आणि ते टीव्हीवरचं हसू. आम्ही सगळे हसलो. त्याच्याबरोबर मॅनेजर होता, बारीकसा, फोनमध्ये डोकं घातलेला, तोही हसला. मी मनात म्हटलं, वैभवी, मूर्ख आहेस. असा धडधाकट माणूस!

नव्या मातीवर काम छान चाललं होतं. मध्ये तो हात धुऊन आला. बसला. म्हणाला, 'येताना उंट बघितला.'

तोच विनोद. तिथेच थांबला, तिथेच भुवया उचलल्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मॅनेजर मात्र हसला — अगदी पहिल्यासारखा, त्याच जागी. मला विनोदाची भीती नाही वाटली. त्या हसण्याची वाटली. किती सवयीचं होतं ते!

कोपऱ्यात जुनं डोकं कपड्याखाली होतं. मला ते हलवायचं सुचलंच नव्हतं. तो उठला, सहज कपडा ओढला. बघत राहिला.

'कोण आहे हा?'

मॅनेजर पटकन म्हणाला, 'कॅल, तूच आहेस तो. काम अर्धवट आहे.'

'नाही नाही. याला ओळखतो मी. हा सकाळी माझ्या बाथरूममध्ये असतो.'

त्याने मातीच्या गालावर बोट ठेवलं. हळूच, झोपलेल्या माणसाला लावावं तसं. मग एकदम मोठ्याने हसला, आम्हीही हसलो. काय करणार?

जाताना मॅनेजर गाडीपाशी मला म्हणाला, 'प्लीज. टीव्हीचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात रिन्यू होतंय. डॉक्टर म्हटलं की चिडतो. हसरा बनवा. बायकोला काय वाटायचं ते वाटतं, तिचं मनावर घेऊ नका.'

म्हणजे बायकोला काही वाटतंय!

बुधवार, १९ नोव्हेंबर

सुजीत म्हणतो, पडू नकोस यात. 'उद्या टीमने ऑर्डर काढून घेतली तर? तुझा व्हिसा त्या वर्कशॉपचा आहे. आपण काय डॉक्टर आहोत का?'

बरोबरच आहे त्याचं. मी भांडले तरी.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हसरा तयार आहे. चांगला झालाय. तो माणूस नाहीये, पण चांगला झालाय.

सहीसाठी बायकोला फोटो जाणार होते. मी माहनूरच्या कॉम्प्युटरवर दोन्ही टाकले. हसरा, आणि कपड्याखालचा. ती बघत राहिली. 'टीमने दुसरा मागितला नाही.'

'माहितीये.'

'मिसेस हॉस्किनना कुणी असा फोटो पाठवला असता तर? नवरा जिवंत होता तेव्हा?' — हे तिनेच विचारलं, स्वतःलाच. मग 'यल्ला', चला, म्हणाली आणि बटण दाबलं. नंतर आम्ही दोघी घाबरून कडक चहा प्यायलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

उत्तर नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

उत्तर नाही. माहनूर फोन वाजला की दचकते. मीही.

गुरुवार, ४ डिसेंबर

त्यांचा फोन आला! सरळ माझ्या मोबाइलवर. डोरीन टार्व्हर. आवाज बसलेला.

'दोन वर्षं मी सांगतेय. तो म्हणतो, तुला भास होतात. मॅनेजर म्हणतो, तुम्ही थकलाय. मला वाटायला लागलं होतं की बिघाड माझ्यातच आहे.' मग पाणी प्यायल्याचा आवाज. 'तो दुसरा फोटो त्याच्यासमोर ठेवला. उठून झोपायला गेला. दुसऱ्या दिवशी स्वतः गाडीत जाऊन बसला. म्हणाला, ने मला कुठे न्यायचंय तिथे.'

डॉक्टरकडे नेलं. तपासण्या चालू आहेत. टीव्ही त्याने स्वतःच सोडला. भिंतीवर हसराच लावा म्हणाल्या, लोकांचा तो आहे. दुसरा ओतून घरी पाठवा.

ठेवताना विचारलं, 'तुमच्या घरात कुणाला आहे का हे? म्हणून ओळखलंत?'

म्हटलं, नाही हो. आमच्याकडे कुणालाच नाही.

फोन ठेवला आणि पहिल्यांदा पोटभर रडले. खैरुद्दीनभाईंनी काही न विचारता भट्टी लावायला घेतली.

गुरुवार, ११ डिसेंबर

सुजीत घ्यायला आला नाही. फोन केला. 'गाडीतच आहे गं. उजवीकडे समुद्र आहे.' मग अगदी हळू — 'वैभवी, रोज कुठे यायचं असतं मला?'

माहनूरच्या गाडीतून शोधत गेलो. किनाऱ्याच्या रस्त्याला, कडेला, इंजिन चालू. मी काचेवर टकटक केलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड किंचित उघडं.

तो चेहरा मी दोनदा मातीत केलाय.