भंगारातला फ्लोट

बाळ्या,

मी तुझ्या आत्याकडे चालले, न्यायला येऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय.

काल गॅरेजात गिऱ्हाइकासमोर म्हणालास, "आजीच्या थापा मनावर घेऊ नका." तुझ्या आजोबांनी मोटारसायकलवरून उडी मारून आख्खी नदी ओलांडली, ही थापच होती. पण त्या गाडीच्या कार्बोरेटरचा, पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट त्यांनी माझा माहेरचा डबा कापून बनवला, हे खरं होतं रे. तू नवा बसवलास आणि तो भंगारात फेकलास. मी उचलून घासला, तर खाली माझं नाव कोरलेलं निघालं. गरम पाण्यात बुडवून बघितला, एक बुडबुडा आला नाही, म्हणजे अजून कुठेही गळत नाही.

फ्लोट मी सोबत नेतेय. आता ठेव माझ्या शब्दावर विश्वास, जमलं तर.

थापाडी आजी